गाईच्या वाटेनं, समुद्राच्या कडेनं

आयर्लंड हा देश आपल्याकडे बहुतेकांना पहिल्यांदा भेटतो तो शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात. टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा धडा येतो, आणि तो शब्द मूळचा आयर्लंडचा असं गुरुजी सांगतात. पुढे २०१७ मध्ये लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या वडिलांचं मूळ गाव, म्हणजे मालवण तालुक्यातलं वराड, एकदम जगाच्या वर्तमानपत्रांत झळकलं. आज मात्र मी या देशाबद्दल बोलणार आहे ते वेगळ्याच निमित्तानं. मला सांगायचंय तिथल्या धावायच्या वाटांबद्दल. डोंगरातल्या, कालव्याकाठच्या, समुद्रकड्यावरच्या.

आता तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा धावण्याशी काय संबंध? खरंय. मी खेळाडू नाही. पहाटेच्या नमाजाला उठायची लहानपणापासूनची सवय. नमाज झाला की फिरायला जायचं. डॉक्टरांनी वजनाबद्दल कान टोचल्यावर त्या फिरण्याचं हळूहळू धावणं झालं. माझी मुलगी नोकरीनिमित्त डब्लिनला असते. तिच्याकडे एकदा उन्हाळ्यात आणि एकदा थंडीत राहून आलो, तेव्हा हे बूटही सोबत होते. जाताना तिनं फोनवर एवढंच बजावलं होतं, “अब्बू, इथं एक वेळ वाट चुकेल, पण पाऊस चुकायचा नाही.”

मराठीत पळणं आणि धावणं असे दोन शब्द आहेत. चोर पळून जातो, देव धावून येतो. पळणारा कशापासून तरी लांब जात असतो, धावणारा कशाच्या तरी दिशेनं निघालेला असतो. आयर्लंडमधल्या सुंदर वाटांवर धावताना हा फरक मला फार वेळा आठवला. कारण आज तिथं लोक हौसेनं धावतात त्या वाटांपैकी बहुतेक वाटा हौसेसाठी बनलेल्याच नाहीत. कुठली गाईंसाठी झाली, कुठली रेल्वेसाठी, कुठली कालव्यात नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी. आणि काही वाटांवरून माणसं उपाशी पोटानं गाव सोडून गेली.

सुरुवात शब्दापासूनच करू. आयरिश भाषेत रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात. त्यातला ‘बो’ म्हणजे गाय. आपला संस्कृत ‘गो’ आणि त्यांचा ‘बो’ हे भाषाशास्त्राच्या हिशेबानं एकाच आजीची नातवंडं. रस्ता केवढा रुंद असावा? तर एका जुन्या आयरिश शब्दकोशात सांगितलंय, एक गाय सरळ आणि दुसरी आडवी उभी राहील एवढा. बोहरचं लहान रूप म्हणजे ‘बोरीन’. दोन्ही बाजूंनी दगडी बांध किंवा काटेरी कुंपण, मध्ये चिंचोळा रस्ता, आणि त्या रस्त्याच्याही मधोमध गवताची पट्टी. आपल्याकडे शेतांमधून जाणाऱ्या अशा वाटेला पाणंद म्हणतात. आयर्लंडचा ग्रामीण भाग अशा पाणंदींनी विणलेला आहे, आणि तिथल्या धावणाऱ्याची पहिली शाळा म्हणजे घराजवळची बोरीन.

पण परदेशातून जाणारा माणूस आधी डब्लिनला उतरतो, म्हणून आपणही तिथूनच निघू. शहराच्या पश्चिमेला फिनिक्स पार्क आहे. १६६२ मध्ये हे राजाचं हरणांचं राखीव रान म्हणून सुरू झालं आणि १७४७ मध्ये सर्वसामान्य लोकांना खुलं झालं. क्षेत्रफळ ७०७ हेक्टर. त्याची भिंत साधारण ११ किलोमीटर लांब, तेव्हा सबंध बागेला एक फेरी मारली की चांगला व्यायाम होतो. त्या पहिल्या कळपाच्या वंशातली हरणं आजही मोकळी चरताना दिसतात. देशाच्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थानही याच बागेत. १९८० पासून होणाऱ्या डब्लिन मॅरेथॉनचे धावपटू याच बागेतून जातात.

या बागेत ६२ मीटर उंचीचा एक दगडी स्तंभ आहे. त्याच्यापाशी आपल्या माणसानं जरा थांबावं. डब्लिनमध्ये जन्मलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं ते स्मारक. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्यानं २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. असई आज जालना जिल्ह्यात येतं. स्तंभाच्या पायथ्याशी वॉटर्लूच्या लढाईत जिंकलेल्या तोफा वितळवून केलेली ब्राँझची शिल्पं आहेत, आणि त्यांतलं एक त्याच्या हिंदुस्थानातल्या लढायांचं आहे. मी मराठवाड्यातला. सकाळच्या धुक्यात धावत असताना आपल्या मातीतली लढाई अशी अचानक दुसऱ्याच्या बागेत भेटावी, हे विलक्षण वाटलं. आजूबाजूनं धावणाऱ्या मुलामुलींना त्याचं काहीच नव्हतं, आणि ते स्वाभाविकच आहे.

डब्लिनहून समुद्र गाठायचा तर ‘डार्ट’ नावाची लोकल पकडायची आणि उत्तरेला होथ या शेवटच्या स्थानकावर उतरायचं. अर्ध्या तासाचा प्रवास. होथ म्हणजे समुद्रात घुसलेलं एक डोंगरी टोक. स्थानकापासून निघून कड्यावरून परत स्थानकाशी येणारी सुमारे ६ किलोमीटरची फेरी आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला गोर्सची पिवळी आणि हेदरची जांभळी झुडपं. खाली बेटावर आणि खडकांवर समुद्रपक्ष्यांचा गोंगाट. पुढे बेली दीपगृह दिसतं. ते १८१४ सालचं, आणि आयर्लंडमध्ये माणसाच्या हातून चालणारं हे शेवटचं दीपगृह होतं; १९९७ मध्ये तेही स्वयंचलित झालं. वाट अरुंद आहे, काही ठिकाणी दगडांची, काही ठिकाणी चिखलाची. इथं वेळ मोजत धावणाऱ्यापेक्षा पायाखाली बघून धावणारा सुखी राहतो.

डब्लिनच्या दक्षिणेला विकलोचे डोंगर आहेत. तिथली ‘विकलो वे’ ही आयर्लंडमधली खुणा लावून आखलेली पहिली लांब पायवाट. लांबी सुमारे १३० किलोमीटर. हिची कथा आपल्यासारख्या वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना आवडेल. जे. बी. मॅलोन नावाचे गृहस्थ डब्लिनच्या एका सायंदैनिकात डोंगरवाटांवर सदर लिहीत. कुठली बस पकडायची, कुठल्या ओढ्यापाशी वळायचं, असं सगळं त्यात असे. १९६६ मध्ये त्यांनी या वाटेची कल्पना मांडली, आणि १९८० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. वर्तमानपत्रातल्या एका सदराची अखेर एका रस्त्यात झाली! लॉक टे या काळ्याशार तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांच्या नावाचा दगड उभा आहे.

याच भागात ग्लेंडलॉक हे खोरं आहे. दोन तळी, सहाव्या शतकातल्या संत केव्हिन यांच्या मठाचे अवशेष, आणि वरच्या तळ्याच्या डोक्यावर स्पिंक नावाची धार. धारेवर चढायला शेकडो लाकडी पायऱ्या आहेत आणि पुढची वाट रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची आहे. स्लीपर का टाकले? कारण खाली ‘पीट’ आहे. पीट म्हणजे पाणथळ जागेत अर्धवट कुजून साठलेला झाडोरा. आयर्लंडमध्ये तो वाळवून चुलीत जाळत आले आहेत. तो साठतो सरासरी वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. आणि बुटांच्या जोराच्या घासण्यानं तो उघडा पडून पावसात वाहून जायला काही हंगाम पुरतात. म्हणून लाकडावरून उतरू नका, अशी विनंती असते. ती विनंती धावणाऱ्यांनी जास्त पाळायला हवी, कारण आपला पाय जोरात पडतो.

आता जाऊ रेल्वेच्या वाटांकडे. विसाव्या शतकात आयर्लंडमधले कितीतरी लहान रेल्वेमार्ग बंद पडले. रूळ उखडले गेले, पण भराव, पूल आणि बोगदे राहिले. रेल्वेला मोठा चढ चालत नाही, त्यामुळे ही जमीन सपाट. गुडघे जपून धावणाऱ्या माझ्यासारख्याला याहून चांगलं काय? अशा मार्गांचे तिथं ‘ग्रीनवे’ झाले आहेत. दक्षिणेत वॉटरफर्ड ते डुंगारवन हा ४६ किलोमीटरचा ग्रीनवे २०१७ मध्ये सुरू झाला. त्यावर उंच कमानींचे जुने रेल्वेपूल आहेत आणि सुमारे ४०० मीटरचा एक विटांनी बांधलेला बोगदा आहे. बोगद्याच्या तोंडाशी नेच्यांची हिरवी झालर, आत टपटपणारं पाणी, आणि पलीकडे निघालं की लांबवर समुद्र.

पश्चिमेला मेयो परगण्यात वेस्टपोर्टपासून अकिल बेटापर्यंत ‘ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे’ आहे. लांबी ४२ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक अख्खी मॅरेथॉन. डावीकडे क्लू बे नावाचं लहान लहान बेटांनी भरलेलं आखात आणि त्यापलीकडे क्रो पॅट्रिक हा त्रिकोणी डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो डोंगर चढतात, काही जण अनवाणी. वारी पाहिलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या रेल्वेमार्गाची एक गोष्ट तिथले लोक हलक्या आवाजात सांगतात. सतराव्या शतकात ब्रायन रुआ नावाच्या द्रष्ट्यानं म्हणे भाकीत केलं होतं, की लोखंडी चाकांच्या गाड्या अकिलला येतील आणि पहिल्या नि शेवटच्या फेरीला प्रेतं आणतील. भाकितावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. घडलं ते मात्र नोंदलेलं आहे. १४ जून १८९४ रोजी स्कॉटलंडला शेतमजुरीसाठी निघालेल्या अकिलच्या माणसांची नाव क्लू बेमध्ये उलटली आणि ३२ जण बुडाले. मार्ग अजून रीतसर सुरूही झाला नव्हता. त्यांचे मृतदेह रेल्वेनं आणले. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉक गावी बटाटे काढायला गेलेली अकिलची दहा मुलं रात्री झोपडीला आग लागून गेली. त्यांनाही रेल्वेनंच परत आणलं, आणि त्याच वर्षी मार्ग कायमचा बंद झाला. दोन्ही वेळेला मेले ते पोटासाठी परगावी निघालेले हंगामी मजूर. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या माणसाला ही वाट नुसती ‘निसर्गरम्य’ म्हणून पळत पार करता येत नाही.

आणि मग येतो दुष्काळ. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि पुढची सहा-सात वर्षं आयर्लंड उपाशी राहिलं. १८४१ च्या शिरगणतीत या बेटावर ८० लाखांवर माणसं होती. त्यांतली सुमारे दहा लाख मेली आणि तितकीच देश सोडून गेली. या काळात सरकारनं उपाशी माणसांकडून मजुरीवर रस्ते करून घेतले. काम द्यायचं म्हणून काढलेले रस्ते. त्यांतले काही डोंगरात मध्येच संपतात, कुठल्याच गावाला जात नाहीत. पश्चिमेकडच्या डोंगरांत असे हिरवे पडलेले रस्ते अजून दिसतात. माझ्या अब्बांनी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. त्या रस्त्यावरून आज एसटी जाते, एवढा त्यांच्या घामाला अर्थ आला. जो रस्ता कुठेच जात नाही तो फोडणाऱ्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी त्या उतारावर बसून केला.

मेयोमध्येच डूलॉक नावाचं खोरं आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये लांबट तळं, काठानं जाणारा एकच रस्ता. धावायला किंवा सायकलला याहून देखणा रस्ता क्वचित सापडेल. मार्च १८४९ मध्ये मदत चालू राहावी म्हणून शेकडो उपाशी माणसांना अधिकाऱ्यांपुढे हजर होण्यासाठी लुईसबर्गहून इथून डेल्फीपर्यंत चालायला लावलं गेलं, आणि थंडीवाऱ्यात त्यांतले कित्येक वाटेवरच गेले. १९८८ पासून दर वर्षी लोक त्यांच्या आठवणीसाठी ही वाट चालतात. तिथल्या स्मारकावर महात्मा गांधींचं एक वचन कोरलेलं आहे, माणसानं माणसाचा अपमान करण्याबद्दलचं. आजूबाजूला एक घर नाही, दुकान नाही. मेंढ्या, वारा आणि गांधीजी.

तिसरी वाट कालव्याकाठची. रॉस्कॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउन इथल्या जमीनदारीतून मे १८४७ मध्ये १४९० कुळांना बाहेर काढून कॅनडाच्या बोटीवर चढवण्यासाठी डब्लिनपर्यंत चालवत नेलं होतं. ती १६५ किलोमीटरची वाट आता ‘नॅशनल फॅमिन वे’ म्हणून आखलेली आहे. तिचा मोठा भाग रॉयल कालव्याच्या काठानं जातो. घोडे काठावरून चालत आणि दोरानं नाव ओढत, त्यासाठी केलेली ही सपाट पट्टी; तिच्यावरचा १३० किलोमीटरचा ग्रीनवे २०२१ मध्ये खुला झाला. वाटेवर ठिकठिकाणी ब्राँझचे लहान मुलांचे जुने बूट ठेवलेले आहेत. भारी बूट घालून धावणारा माणूस त्या बुटांपाशी आपोआप हळू होतो.

समुद्रकड्यांकडे वळण्याआधी एक कळीचा मुद्दा सांगतो. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये कुणाच्याही माळावरून, डोंगरावरून जबाबदारीनं फिरण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. आयर्लंडमध्ये तसा हक्क नाही. तिथं बहुतेक डोंगर, कडे, माळ हे खासगी मालकीचे आहेत, आणि अनेक वाटा शेतकऱ्याच्या परवानगीवर चालतात. कुणी पडलं-झडलं तर भरपाई आपल्या गळ्यात येईल ही शेतकऱ्यांची भीती. ती कमी करण्यासाठी १९९५ च्या कायद्यात हौसेनं फिरणाऱ्यांबद्दलची जमीनमालकाची जबाबदारी मर्यादित केली गेली. २००८ मध्ये ‘वॉक्स स्कीम’ सुरू झाली. वाटेची निगा राखणाऱ्या शेतकऱ्याला तिच्यातून मोबदला मिळतो. ग्रेट वेस्टर्न ग्रीनवेसाठीही जमीन संपादित केली नाही. रेल्वे बंद पडल्यावर ती शेजारच्या शेतकऱ्यांकडे गेली होती. त्यांनी वाट वापरू दिली, मालकी त्यांचीच राहिली. बांधाच्या हातभर जागेवरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून नवल वाटेल. पण दिलेली परवानगी काढूनही घेता येते. मोकळा सोडलेला कुत्रा व्यालेल्या मेंढीच्या मागे लागला, किंवा कुणी फाटक उघडं टाकलं, तर एका धावणाऱ्यामुळे शंभरांची वाट बंद होऊ शकते.

वाटा समुद्रही बंद करतो. डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे ते ग्रेस्टोन्स ही सुमारे सात किलोमीटरची कड्यावरची वाट कैक वर्षं सगळ्यांची लाडकी होती. एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या कडेनं रेल्वे घातली, तेव्हा मजुरांच्या आणि सामानाच्या ये-जा करण्यासाठी ही वाट झाली. त्या रेल्वेचे अभियंता होते प्रसिद्ध ब्रुनेल. समुद्र कडा खात गेला आणि रूळ पुन्हा पुन्हा आत सरकवावे लागले. २०२१ मध्ये दरडी कोसळू लागल्यानं ही वाटही बंद करावी लागली. पश्चिमेला क्लेअर परगण्यात मोहरचे कडे आहेत, सर्वांत उंच जागी २१४ मीटर. तिथं कड्याच्या काठानं जाणाऱ्या लांब पायवाटेवर माणसं पडून मेल्यानंतर २०२४ मध्ये तिचे मोठे भाग बंद केले गेले. म्हणून समुद्रकड्यावरच्या वाटेची चौकशी जायच्या आदल्या दिवशी करावी, जुन्या पुस्तकावर विसंबू नये. कुंपण घातलेलं दिसलं की परत फिरावं. कडा खालून पोखरलेला असतो. वरून हिरवळच दिसते.

उत्तरेला अँट्रिमच्या किनाऱ्यावर ‘जायंट्स कॉजवे’ आहे. हा भाग उत्तर आयर्लंडचा, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीतला. सरहद्दीवर चौकी दिसत नाही, पण व्हिसाचे नियम वेगळे आहेत; ते आधी पाहावेत. कॉजवेवर सुमारे ४० हजार दगडी खांब एकमेकांना चिकटून समुद्रात उतरतात, बहुतेक षटकोनी. १९८६ पासून ते जागतिक वारसा आहेत. एका राक्षसानं स्कॉटलंडला जाण्यासाठी हा सेतू बांधला अशी दंतकथा. भूगर्भशास्त्र सांगतं, की सहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला अशा भेगा पडल्या. आपला सह्याद्री ज्या बेसॉल्टचा, त्याच जातीचा हा दगड. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर तुम्ही या खांबांचे भाऊबंद पाहिलेच आहेत. डनसेव्हरिकच्या पडक्या किल्ल्यापासून कॉजवेपर्यंत कड्यावरून साधारण आठ किलोमीटरची वाट आहे. ती पश्चिमेकडे तोंड करून जाते, म्हणून संध्याकाळी धावलं तर सूर्य समोर असतो.

कड्याची भीती वाटत असेल तर दक्षिणेला केरी परगण्यात किलार्नीला जावं. देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९३२ मध्ये एका कुटुंबानं आपली सगळी इस्टेट राष्ट्राला दिली त्यातून झालेलं. तिथल्या मक्रॉस तळ्याभोवती सुमारे दहा किलोमीटरची फेरी आहे, बहुतेक झाडांच्या सावलीतून. जवळच टोर्क धबधबा. डिंगल द्वीपकल्पाच्या वाटेवर इंच नावाची पुळण आहे, सुमारे पाच किलोमीटर लांब. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर अनवाणी धावण्याचं सुख कोकणातल्या माणसाला मी काय सांगू?

आता थोडं कामाचं. तिथं थंडी सोसते, वारा सोसत नाही. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. जाताना वाऱ्याला तोंड देत जावं, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी राहतो. पूर्व किनाऱ्यावर वर्षाचे सुमारे दीडशे दिवस पावसाचे, पश्चिमेत काही ठिकाणी सव्वादोनशे. पण आपल्यासारखा कोसळत नाही, भुरभुरतो. पातळ, पाणी न शिरणारं जाकीट पुरतं. छत्री वारा घेऊन जातो. जूनमध्ये पहाटे पाचला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये साडेआठनंतर सूर्य उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो, तेव्हा चमकणारा पट्टा अंगावर हवाच. पुळणीवर भरती-ओहोटीच्या वेळा पाहून उतरावं. अडचणीत ११२ किंवा ९९९ हा क्रमांक लावावा.

बोरीन दिसायला कितीही गोड असली तरी तिच्यावरून मोटारी जातात. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून. पदपथ नसेल तिथं पायी माणसानं उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं जावं, हा नियम. या अरुंद ग्रामीण रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर होती. फेब्रुवारी २०२५ पासून ती ६० वर आणली.

आणखी एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये टुलामोर गावाजवळ ग्रँड कालव्याच्या काठी धावायला गेलेल्या एका तरुण शिक्षिकेचा भरदिवसा खून झाला. सबंध देश हादरला. गावोगावी लोक मेणबत्त्या घेऊन जमले. ती फक्त धावायला गेली होती, हे एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. माझी मुलगी आजही कालव्यावर एकटी धावते तेव्हा घरी कळवून जाते. वाट कितीही सुंदर असो, तिच्यावर बाई एकटी निर्धास्त धावू शकते की नाही, हे विचारल्याशिवाय तिला चांगली म्हणू नये. आणि हा प्रश्न आपल्याकडच्या मैदानांना आणि टेकड्यांनाही विचारायला हरकत नाही.

एकट्याला संकोच वाटत असेल, तर तिथं शनिवारी सकाळी साडेनऊला ‘पार्करन’ असतं. पाच किलोमीटर, फुकट. नाव एकदा इंटरनेटवर नोंदवायचं, बस्स. आयर्लंडमध्ये ते २०१२ मध्ये डब्लिनजवळच्या मॅलाहाइडला सुरू झालं आणि आता गावोगावी आहे. सगळ्यात शेवटी एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे कुणीच शेवटचा ठरत नाही. मी जिथं गेलो तिथं सत्तरीतल्या आजी माझ्या पुढे होत्या.

तेव्हा मंडळी, मुलाबाळांकडे तिकडं जाणं झालं तर बूट बरोबर न्या. बोरीनवर समोरून मोटार आली, की चालवणारा माणूस स्टिअरिंगवरचं एकच बोट उचलून तुम्हाला नमस्कार करील. तुम्हीही हात वर करा. वाटेत शेताचं फाटक लागेल. बंद असेल तर पलीकडे जाऊन बंद करा, उघडं असेल तर उघडं ठेवा. त्या फाटकापलीकडची जमीन कुणाची तरी आहे आणि तुम्हाला जाऊ दिलंय, एवढं ध्यानात असलं की पुढची वाट आपोआप नीट धावता येते.